पिंजऱ्याखालचा कागद

पाळलेल्या पोपटाबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण ते सगळं त्याच्या बोलण्याबद्दल. तो 'विठू विठू' म्हणतो का, पाहुण्यांना 'या, बसा' म्हणतो का, शिवी हासडतो का. २०१५ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी तक्रार केली, की नात्यातल्या एकाचा पोपट त्यांना येता-जाता शिव्या घालतो. पोलिसांनी पोपटासकट सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. तिथं पोपटानं चकार शब्द काढला नाही आणि अखेर त्याची रवानगी वनखात्याकडे झाली. वर्तमानपत्रांनी ती बातमी मोठ्या चवीनं छापली. तो पोपट रोज काय खात होता, पिंजरा कशाचा होता, खालचा कागद कधी बदलला जायचा, हे कुणी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं. या पुस्तकाचा विषय मात्र नेमका तोच आहे.

आपण पोपटाचं तोंड ऐकतो. त्याच्या तब्येतीची बातमी दुसऱ्या टोकाला, पिंजऱ्याखाली पडत असते. पोपट दुखणं लपवतो. थव्यातला जो पक्षी मान टाकून बसतो त्याच्यावर शिक्रा आधी झडप घालतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो ताठ बसतो. दाणा चोचीत घेऊन फोडल्यासारखं करतो, टरफलं खाली पाडतो आणि घरचे म्हणतात, खातोय की व्यवस्थित. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला की मग धावाधाव. डॉक्टरपुढं पिंजरा ठेवताना वाक्य ठरलेलं असतं : "कालपर्यंत चांगला बोलत होता जी साहेब, आज एकाएकी काय झालं याले?" एकाएकी काहीच झालेलं नसतं. दुखणं जुनं असतं, दिसलेलं आज असतं.

पुढच्या प्रकरणांत एकच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी सांगितली आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाच्या पोटाचे बरेचसे आजार आपण आपल्या हातानं, आणि तेही लाडानं, त्याला भरवलेले असतात. आणि त्यांची पहिली खूण विष्ठेत सापडते. जंतू, बुरशी, विषाणू यांची प्रकरणं आहेतच. पण तेही निकस खाण्यानं खंगलेल्या शरीरात लवकर बळावतात.

हे पुस्तक सेमाडोहला बसून का लिहिलं, ते सांगायला हवं. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घटांग मागे टाकलं की सिपना नदीच्या काठी हे गाव लागतं. तालुका चिखलदरा, भोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं रान. देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले त्यांतला हा एक. इथं माणसं वाघ, अस्वल, रानगवा बघायला येतात. पोपटासाठी कुणी वाट वाकडी करत नाही. माझी नोकरी पशुसंवर्धनातली, म्हणजे गावकऱ्यांच्या लेखी मी ढोराचा डॉक्टर. कोरकूंच्या आणि गवळ्यांच्या गुरांना घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचत हिंडण्यात उमेदीची वर्षं गेली. आमच्या शिक्षणात पक्षी म्हणजे मुख्यतः कोंबडी. पोपट हा विषय मागे लागला तो परतवाडा, अचलपूर, अमरावती, अकोल्याच्या घरांतून येणाऱ्या पिंजऱ्यांमुळे. त्या पिंजऱ्यांतलं दुखणं मला कळू लागलं ते मात्र इथल्या झाडांवरचे पोपट बघितल्यावर. याच प्रकल्पात उपसंचालक राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी मराठी वाचकाला पक्ष्याकडे त्याच्या झाडासकट बघायला शिकवलं. पशुवैद्यानंही ती सवय लावून घ्यावी. निरोगी पोपट कसा जेवतो हे ठाऊक नसेल, तर आजारी पोपटाचं ताट बघून काय कळणार?

इकडच्या रानात तीन जातींचे पोपट दिसतात. गळ्याला गुलाबी कंठ असलेला आपला नेहमीचा राघू शेताशिवाराजवळ असतो. त्याहून थोराड, खांद्यावर तांबडा डाग असलेला, ज्याला बाजारात 'पहाडी' म्हणतात, तो उंच झाडांच्या दाट रानात. आणि जांभळट लाल डोक्याचा छोटा पोपट, जो थव्यानं बाणासारखा येतो आणि पानांत शिरला की दिसेनासा होतो. या तिघांचं वर्षाचं खाणं मांडलं तर एक अख्खं पंचांग होतं. फाल्गुनाच्या सुमारास पळस आणि काटेसावरीच्या फुलांतला मध. चैत्रात मोहाच्या गुबगुबीत पाकळ्या. उंबर, वड, पिंपळ पिकेल तेव्हा. पावसाच्या तोंडावर जांभळं. भादव्यात मका, थंडीत ज्वारीचं कणीस आणि हरभऱ्याचे कोवळे घाटे. मधल्या काळात कळ्या, कोवळे कोंब, सालीचा तुकडा, रानगवताचं बी.

ज्वारीच्या कणसावर बसलेला राघू जवळून बघावा. एका पायानं ताटाला धरतो, दुसऱ्या पायानं कणसाचा तुकडा तोंडाशी आणतो, जाड जिभेनं दाणा चोचीच्या वरच्या खाचेत फिरवून टरफल सोलतो आणि आतला गर तेवढा गिळतो. दहा-पंधरा दाणे खाल्ले की तुकडा टाकून देतो आणि दुसऱ्या कणसावर जातो. राखणीला बसलेला शेतकरी याच उधळेपणापायी गोफण उचलतो. खातो त्याहून जास्त सांडतो, हा त्याचा राग रास्तच आहे. पण पोपटाच्या बाजूनं पाहिलं तर हे सांडणंच त्याचं आरोग्य आहे. तो कशाचंच पोटभर खात नाही, सगळ्याचं थोडं थोडं खातो, आणि दोन घासांच्या मध्ये मैलभर उडतो. पिंजऱ्यात नेमकी याच दोन गोष्टींची वाण पडते.

पोटाची रचना थोडक्यात समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. गिळलेला घास आधी गळ्याच्या पिशवीत उतरतो. तिथं तो भिजतो, मऊ होतो आणि बेताबेतानं पुढं सरकतो. मग पहिलं जठर लागतं. त्यात आम्ल आणि पाचकरस सुटतात. त्याच्यामागे स्नायूंचं दुसरं जठर, म्हणजे कोंबडीच्या दुकानात 'कलेजी-पेटा' मागताना मिळतो तो पेटा. दात नसलेल्या पक्ष्याचं हे जातं. त्यापुढं आतडं आणि शेवटी एक सामाईक पोकळी. विष्ठा, लघवी आणि मादीचं अंडं, सगळं तिथूनच बाहेर पडतं. कोंबडीला खडे लागतात, म्हणून पोपटालाही वाळू-खडे खाऊ घालणारे पुष्कळ आहेत. पण पोपट दाणा सोलून खातो, त्याला खड्यांची गरज नसते; आजारी पोपट तेच खडे भसाभसा खातो आणि पेटा तुंबतो. आणखी एक बारकावा म्हणजे बहुतेक पोपटांना पित्ताशय नसतं. पित्त यकृतातून थेट आतड्यात येतं. म्हणून यकृत बिघडलं की त्याचा हिरवा-पिवळा रंग लगेच कागदावर उमटतो.

आता त्या कागदाविषयी. रोज सकाळी पिंजऱ्यात स्वच्छ कागद घालावा. लाकडाचा भुसा किंवा वाळू घातली की वाचायचं काही उरत नाही. बजरीगरसारखा छोटा पक्षी दिवसाला चाळीस-पन्नास वेळा शिटतो, मोठा पोपट त्याहून कमी वेळा. प्रत्येक ठिपक्यात तीन गोष्टी असतात. एक, घट्ट, वळलेली हिरवी किंवा तपकिरी विष्ठा. दोन, चुन्यासारखा पांढरा भाग, हे मूत्रपिंडांनी टाकलेलं युरिक आम्ल. तीन, कडेनं पसरलेलं पाणी, ही पातळ लघवी. पहिलं वळलेलं आहे आणि फक्त पाण्याचं वर्तुळ मोठं आहे, तर तो जुलाब नाही. पेरू, टरबूज, काकडी खाल्ल्यावर हे होतंच, घाबरल्यावरही होतं. प्रवासात पिंजरा हलला की दवाखान्याच्या दारात हमखास होतं. दिवसभर फळ बंद ठेवूनही वर्तुळ मोठंच राहिलं, तर मात्र मूत्रपिंड, मधुमेह किंवा शिसं-जस्ताची विषबाधा यांचा विचार करावा लागतो. वळलेला भागच पसरला, त्याला आकार उरला नाही, तर तो खरा जुलाब. जिला लोक जुलाब समजतात ती बहुधा लघवी असते, आणि त्या लघवीवर जुलाबाच्या मानवी गोळीचा तुकडा चारला जातो. या एका गफलतीसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण द्यावं लागलं.

बाकी खुणा अशा. पांढरा भाग हिरवा किंवा पिवळा झाला, तर यकृत. विष्ठेत अख्खे दाणे दिसले, तर जठर दळत नाही. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे वरच्या भागात रक्तस्राव. उपाशी पक्ष्याची विष्ठा गर्द हिरवी, अगदी थोडी आणि चिकट असते. ताजं लाल रक्त दिसलं तर वाट बघूच नये. बीट किंवा जांभूळ खाल्लं असेल तर रंगाला फसू नये, एवढीच सूचना. शिवाय ठिपक्यांची संख्या बघावी. रोजच्या निम्मे ठिपके पडले तर पक्षी खात नाही, त्यानं ताटलीत टरफलांचा कितीही ढीग केला असला तरी.

याच्या जोडीला एक वजनकाटा हवा. सोनाराचा नको, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा पुरे. बजरीगर साधारण तीस-चाळीस ग्रॅमचा, आपला राघू सव्वाशेच्या आसपास, आफ्रिकन ग्रे चारशेच्या वर. राघूचं वजन पंधरा ग्रॅमनं उतरलं, तर पिसांच्या आड ते डोळ्यांना कळत नाही, पण दहाव्या हिश्शाहून जास्त वजन गेलेलं असतं. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवलं आणि ते सुरीच्या पात्यासारखं लागलं, तर उशीर झालाय असं समजावं.

मग आपल्या स्वयंपाकघराकडे यावं लागतं. वऱ्हाडातल्या पोपटाचा ठरलेला आहार म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. सणावाराला पुरणाचा गोळा. यांतली मिरची निर्दोष आहे. आपल्याला जो संवेदक मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे भाजल्याची कळ देतो, पक्ष्यांतला तोच संवेदक त्याला दाद देत नाही. २००२ मध्ये संशोधकांनी हे पेशींच्या पातळीवर दाखवलं. पोपट तिखट खाऊन शूर ठरत नाही, त्याला ते लागतच नाही. उलट मिरचीत 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वं असतात, आणि निव्वळ डाळीवर जगणाऱ्या कित्येक पोपटांना तेवढाच आधार मिळत आला आहे.

दोष डाळीचाही नाही, एकट्या डाळीचा आहे. तीत 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. त्यातून भिजवलेली डाळ सकाळी वाटीत घातली आणि बाहेर अकोल्याचं वैशाखातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन असेल, तर दुपारपर्यंत तिला वास सुटतो. आपण नाक मुरडून ती फेकतो. पोपट भुकेला असेल तर खातो. दोन-तीन तासांत उरलेलं ओलं अन्न काढून घ्यावं, हा नियम उन्हाळ्यात तरी मोडू नये. मेळघाटातल्या पावसाळ्यात धोका उलट बाजूनं येतो. चिखलदऱ्याच्या पट्ट्यात आठ-आठ दिवस धुकं आणि झड असते. तेव्हा डब्यातला मका आणि शेंगदाणा दमट होतो, त्यावर बुरशी धरते. तिच्यापासून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर घाला घालतं. माणसाच्या ताटातून बाद केलेले खवट शेंगदाणे पोपटाला घालणं म्हणजे त्याला संथपणे मारणं.

दूध-पोळी आणि दूध-भात हा दुसरा लाड. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. त्यांच्या पोटात ती पचवणारं विकर नसल्यातच जमा. दूध रोज मिळालं की आतडं बिघडतं, आणि आजारी पडल्यावर 'ताकदीसाठी' तेच दूध वाढवलं जातं. शहरी घरांत डाळीची जागा सूर्यफुलाच्या बियांनी घेतली आहे. त्या गरात जवळपास निम्मी चरबी असते. वाटीभर मिश्र दाण्यांतून पोपट तेवढ्याच वेचून खातो, घरचे वाटी पुन्हा भरतात. दोन-तीन वर्षांत यकृतावर चरबी चढते. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं तोंडाच्या आतलं अस्तर जाड, कोरडं होतं, टाळूवर पांढरे चट्टे येतात, आणि अशा तोंडातून जंतूंना आत शिरणं सोपं जातं. चॉकलेट, कांदा-लसूण, खारट फरसाण, चहा-कॉफी आणि हल्ली शहरांत मिळू लागलेला अवोकाडो यांची यादी परिशिष्टात आहे. अवोकाडोनं काही तासांत पक्षी दगावू शकतो.

काय घालावं, याचं उत्तर महागडं नाही. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, मिरची, वाफवलेलं मक्याचं कणीस, मोड आलेले आणि नीट धुतलेले मूग-मटकी, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, थोडे राळे-ज्वारी, फळाची एखादी फोड. परवडत असेल तर बाजारात मिळणारे पेलेट. बदल हळूहळू करावा आणि त्या काळात रोज वजन करावं, कारण हट्टी पोपट नवं अन्न म्हणजे अन्नच नाही असं ठरवून उपाशी राहू शकतो.

पिल्लांची गोष्ट वेगळी आणि अधिक करुण. पौष-माघापासून चैत्रापर्यंत झाडांच्या ढोलीत पोपटांची पिल्लं असतात, आणि त्याच सुमारास ती चोरून बाजारात येतात. पिसं न फुटलेल्या पिल्लाला बेसनाचा गोळा किंवा पातळ पेज पाजली जाते. पेज गार असेल तर गळ्याची पिशवी चालत नाही. आतलं आंबतं, पिशवी फुगते, तोंडाला आंबूस वास येतो आणि कँडिडा नावाची बुरशी माजते. पेज फार गरम असेल तर पिशवी आतून भाजते, आणि काही दिवसांनी गळ्याला भोक पडून खाल्लेलं बाहेर येतं. भरवण्याचं अन्न एकोणचाळीस ते एक्केचाळीस अंश सेल्सियसच्या मध्ये असावं लागतं, तेही थर्मामीटरनं मोजून. बोट बुडवून बघणं पुरत नाही. घाईत पाजलं तर ते श्वासनळीत जातं, आणि मग करण्यासारखं फारसं उरत नाही.

पूर्ण वाढलेल्या पोपटांच्या संसर्गांवर पुस्तकाचा मधला भाग आहे. त्यातल्या दोन गोष्टी इथं सांगतो, कारण त्यांत औषधोपचाराचं सगळं तत्त्व येतं. बजरीगर भरपूर खातो आणि तरी वाळत जातो, ओकतो, विष्ठेत अख्खे राळे दिसतात. जठरातल्या एका लांबट सूक्ष्मजीवामुळे हे होतं. त्याला बरीच वर्षं मोठा जिवाणू समजत होते, म्हणून पक्ष्यांना प्रतिजैविकं दिली जात. २००३ च्या सुमारास तो यीस्टच्या कुळातला, म्हणजे बुरशी असल्याचं पक्कं झालं. बुरशीला साधं प्रतिजैविक काही करत नाही, उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून बुरशीला मैदान मोकळं करून देतं. दुसरी गोष्ट मकाव जातीच्या पोपटांची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत हे पक्षी खाता खाता खंगून मरू लागले. पहिलं जठर फुग्यासारखं ताणलेलं सापडे, त्याच्या नसा सुजलेल्या असत. कारण सापडायला २००८ साल उजाडलं. तो बोर्ना कुळातला विषाणू निघाला. दोन्ही आजारांत विष्ठेतले अख्खे दाणे ही एकच खूण दिसते. एक औषधानं आटोक्यात येतो, दुसऱ्यावर खात्रीचा इलाज नाही. नुसत्या खुणेवरून औषध ठरवता येत नाही ते यामुळे.

म्हणूनच कोंबड्यांच्या औषधाच्या दुकानातून आणलेली पूड पाण्यात कालवणं ही या भागातली सर्वांत घातक सवय मी मानतो. आजारी पोपट पाणी कमी पितो. औषधानं कडू झालेलं तर पीतच नाही. मात्रा किती गेली ते कळत नाही, आणि नंतर डॉक्टरानं तपासायला घेतलेल्या नमुन्यात मूळ जंतू सापडत नाही. ताज्या विष्ठेचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जंत, जिआर्डिया, बुरशी यांतलं पुष्कळ काही पाच मिनिटांत दिसतं. ही सोय अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कुठंही होऊ शकते. हवी ती फक्त नमुना नेण्याची सवय.

एक कारण जंतूंच्या यादीत कधीच सापडत नाही, ते म्हणजे पिंजरा. आठवडी बाजारात मिळणारे जाळीचे पिंजरे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. नव्या जाळीवर जस्ताचे बारीक कण आणि थेंब असतात, पोपट दिवसभर ती जाळी चोचीनं सोलत बसतो. मग ओकाऱ्या, भरपूर पाणी टाकणं, हिरवी विष्ठा, पायांतला जोर जाणं. जुना ऑइलपेंट, झाळकामाचं शिसं, मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या यांतून शिशाची बाधा होते. एक्स-रेमध्ये पेट्यातला धातू चमकून दिसतो, आणि वेळेवर धातू बांधून बाहेर काढणारं औषध मिळालं तर असा पक्षी वाचतो. नवा पिंजरा घेतलाच तर व्हिनेगर लावून ताठ ब्रशनं घासावा, धुवावा, उन्हात वाळवावा.

पोपटाच्या पोटाचा एक आजार आपल्या छातीत येतो, त्याबद्दल स्पष्ट लिहिणं भाग आहे. क्लॅमिडिया कुळातल्या एका जिवाणूमुळे पोपटाला पोपटी-पिवळट जुलाब होतात, डोळे-नाक गळतं, तो मलूल होतो. कधी काहीच दिसत नाही आणि तरी जंतू बाहेर पडत असतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ झाडताना श्वासातून आत गेली तर माणसाला ताप, जबर डोकेदुखी, कोरडा खोकला आणि न्यूमोनिया होतो. १९२९-३० मध्ये अर्जेंटिनातून निघालेल्या पोपटांबरोबर हा रोग अनेक देशांत पसरला; अमेरिकेनं १९३० च्या जानेवारीत पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. आज डॉक्सिसायक्लिननं तो बरा होतो. पक्ष्यांना परंपरेनं पंचेचाळीस दिवस औषध देतात. घाबरून पोपट हाकलून देण्याची गरज नाही. पिंजरा कोरडा झाडू नये, कागद ओला करून गुंडाळावा. घरात पोपट असताना न हटणारा खोकला-ताप आला तर डॉक्टरांना पोपटाचं आवर्जून सांगावं. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आता कायद्याविषयी, कारण तो टाळून हे पुस्तक प्रामाणिक राहणार नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली आपला राघू, पहाडी आणि लाल डोक्याचा, तिन्ही संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावरही ते संरक्षण कायम आहे. बजरीगर, कॉकाटिल यांसारखे परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी पाळता येतात; आफ्रिकन ग्रे, मकाव अशा आंतरराष्ट्रीय करारातल्या जातींची नोंद सरकारकडे करावी लागते. मग देशी पोपटाच्या आजारावर का लिहिलं? कारण गुन्हा पोपटानं केलेला नाही. कायद्याच्या धाकानं लोक पोपट सोडत नाहीत, त्याला दवाखान्यात आणायचं तेवढं सोडतात. घरात देशी पोपट असेल तर वनखात्याशी बोलावं. १९२६ हा त्यांचा क्रमांक त्यासाठीच आहे. पण बोलणं होईपर्यंत पक्षी उपाशी किंवा चुकीच्या औषधावर राहू नये.

यावर एक सोपा तोडगा पुष्कळांना सुचतो : गाडीत पिंजरा टाकायचा, सेमाडोहला यायचं आणि रानात दार उघडायचं. हे कृपा करून करू नका. वाटीतली डाळ खाऊन वाढलेल्या पोपटाला मोहाचं झाड म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याच्या पंखांत बळ नसतं, शिक्रा ओळखता येत नाही. तो दोन-चार दिवसांत भुकेनं मरतो किंवा कुणाच्या तरी तोंडी पडतो. मरण्याआधी तो दुसरं काम करून जातो. रानपोपट संध्याकाळी शेकड्यांनी एकाच झाडावर रात्रीला उतरतात. बाजारात दहा जातींच्या पिंजऱ्यांशेजारी राहिलेला पक्षी त्या गर्दीत आतड्याचे जंतू, विषाणू घेऊन शिरला तर त्याची किंमत इथला अख्खा थवा मोजू शकतो. सोडायचंच असेल तर आधी तपासणी, वेगळं ठेवणं, उडण्याचा सराव आणि रानातल्या अन्नाची ओळख या पायऱ्या आहेत. त्या वनखात्याच्या उपचार केंद्रांतच होऊ शकतात.

पुस्तकाची मांडणी सांगून थांबतो. पहिला भाग निरोगी पोपटाचा : खाणं, विष्ठा, वजन. दुसरा भाग आजारांचा, गळ्याच्या पिशवीपासून शेवटच्या पोकळीपर्यंत, अन्न ज्या वाटेनं जातं त्या क्रमानं. ओकणं आणि लाडानं घास बाहेर काढणं यांतला फरक तिथं दिला आहे. आरशासमोर मान वर-खाली करून घास काढणारा पोपट प्रेमात असतो. मान झटकून डोक्याची पिसं चिकट करणारा आजारी असतो. तिसरा भाग दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं त्याचा. मेळघाटासारख्या मुलखात हा वेळ काही तासांचा असतो. पक्ष्याला तीस अंशांच्या आसपास ऊब द्या, पिंजऱ्याची एक बाजू गार राहू द्या म्हणजे तो हवी ती जागा निवडेल. चोचीत जबरदस्तीनं पाणी, एरंडेल, ग्लुकोज ओतू नका. छोट्या खोक्यात, कापड घालून, घाटातल्या वळणांवर सावकाश गाडी चालवत न्या. आणि कालचा-आजचा कागद घडी करून बरोबर घ्या. पिंजरा धुऊन-पुसून आणणाऱ्यांनी डॉक्टरच्या हातातला अर्धा पुरावा घरीच टाकलेला असतो.

औषधांच्या मात्रा मी मुद्दाम दिलेल्या नाहीत. तीस ग्रॅमच्या पक्ष्यासाठी एक थेंब म्हणजे औषध आणि दोन थेंब म्हणजे विष असू शकतं. ती जोखीम छापील तक्त्यावर टाकता येत नाही. शेवटच्या पानावर मात्र एक तक्ता आहे : तारीख, वजन, ठिपके, रंग, काय खाल्लं. तो पिंजऱ्याशेजारी लावा आणि पक्षी धडधाकट असतानाच भरायला घ्या. आजारी पोपट माझ्याकडे किंवा कुणाहीकडे आणाल तेव्हा पहिला प्रश्न 'रोज कसा असतो?' हाच असेल, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी आठवून देता येत नाही.